पिवळ्या गाडीचं गिअर कव्हर

३ फेब्रुवारी, सोमवार

पिवळ्या गाडीचं गिअर कव्हर गेलं. काल, कन्हानला, नदीच्या रेतीत. एक गोटा उडाला, कव्हरची खालची कड तुटली, आणि तोच तुकडा आत जाऊन मोठ्या गिअरचे दाते घेऊन गेला. गाडी जागच्या जागी थांबली. इंजिन मात्र ओरडत राहिलं.

वामनराव म्हणाले, "धम्मा, हे कव्हर होतं का पापड होता गा?" सगळे हसले. मीही हसलो असेन.

आज गोडाऊनमागच्या टिनाच्या शेडमध्ये गाडी स्टँडवर चढवली. खेळण्यातली गाडी नाही ही — लोकांना दर वेळी सांगावं लागतं. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येते. पेट्रोलवर चालते. उचलायला दोन्ही हात लागतात. चालवतात मात्र लांब उभं राहून, रिमोटने. वामनरावांकडे अशा तीन आहेत. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात त्यांचा हा एकच शौक. चालवते त्यांची मुलगी सोनिका. गाड्या नीट ठेवायचं काम माझं.

इंजिनला एक लहान गिअर असतो, त्याला लागून एक मोठा. दोन्ही उघडे. वर कव्हर नसेल तर रेती, खडे, गवत, सगळं दात्यांत. म्हणून कव्हर. आता ते निवडायचं आहे.

वामनराव म्हणाले, "तूच पाह्य. नऊ मार्चले रायपूरवाले शर्यतीले येऊन राहिले. त्यांच्यासमोर गाडी थांबली तर मी रेतीत तोंड खुपसून घेईन."

४ फेब्रुवारी

दिवसभर मोबाइलवर कव्हर पाहिली. घेतलं एकही नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, रोज उजव्या हाताने एक पान लिहा, काहीही लिहा. तीन दिवस झाले, लिहितो आहे. पेन धरलेलं आहे हे मला दिसतं. बोटांना लागत नाही. नजर हलवली की अक्षर ओळ सोडतं, म्हणून पेनाच्या टोकावरून नजर काढत नाही. शुद्धलेखन चुकू नये याची काळजी घेतो. निदान ते तरी.

मागच्या पावसाळ्यात गोडाऊनमध्ये पेटी बांधताना लोखंडी पट्टी तुटली आणि मनगटावर आली. नागपुरात, रामदासपेठेतल्या दवाखान्यात नस शिवली. जखम भरली. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट — तिन्ही हलतात. पण तिथे काही कळत नाही. गरम नाही, थंड नाही, टोक नाही, धार नाही. मॅडम म्हणाल्या, नस हळूहळू पुढे वाढते, थांबा. कुठवर वाढेल ते सांगता येत नाही.

घरी सांगितलं आहे, फरक पडतोय. वामनरावांना सांगितलं आहे, बरोबर झालं.

बरोबर झालं नसतं तर त्यांनी गेटवर बसवलं असतं. ते तसं आधीच म्हणाले होते, चांगल्या मनानेच. "हात नाही चालला तर गेट आहे ना गा. बसून राहायचं." ट्रक आला की पाइप वर करायचा. ट्रक गेला की पाइप खाली करायचा. पेट्या उचलणं आता होणार नाही. अकरावी सोडली आहे, ऑफिसात कोणी घेणार नाही. गाड्यांचं काम गेलं की पाइपच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवीन मोठा गिअर आला. लावला.

लावायची रीत अशी. दोन गिअरच्या मध्ये कागदाची पट्टी धरायची, दाबून बसवायचे, बोल्ट कसायचे, पट्टी ओढून काढायची. मग मोठा गिअर बोटाने मागेपुढे हलवून पाहायचा. किंचित हलला पाहिजे. त्याला प्ले म्हणतात. प्ले नसेल तर दाते तापतात, जास्त असेल तर एकमेकांना खातात. तो डोळ्यांना दिसत नाही. बोटाला कळतो.

हे बाबांनी शिकवलं. बाबा याच आवारात ट्रकचे फिटर आहेत, माझ्या जन्माच्या आधीपासून. शेडच्या बाजूलाच त्यांचा खड्डा आहे. त्यात उतरून ते ट्रकखाली काम करतात. वाडीच्या ट्रकवाल्यांत कोणालाही विचारा, गिअरबॉक्स धोंडबाकडेच न्या म्हणतात. मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा त्यांनी माझं बोट धरून ट्रकच्या गिअरवर ठेवलं होतं. "समजलं? हे एवढंच पाहिजे. याच्यापेक्षा जास्त नाही, कमी नाही."

आज उजवं बोट ठेवलं. काहीच नाही. दगडावर दगड ठेवावा तसं. मग डाव्या हाताचं ठेवलं. त्याला लागतं, पण ते शिकलेलं नाही. ठीक वाटलं. ठीक असेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

कव्हरचे प्रकार.

ॲल्युमिनियमचं, लाल रंग चढवलेलं. दिसायला देखणं. गोट्याने तुटणार नाही, पण पोचा पडला तर तो तसाच राहील, आणि आतून गिअरला घासेल. काळ्या जाड प्लॅस्टिकचं — मार बसला की दबतं आणि परत जागेवर येतं. यात पुन्हा दोन. एक पूर्ण बंद. दुसऱ्याला खालून फट असते. बंद असेल तर आत काही जाणार नाही. पण गेलं तर निघणारही नाही, आतच फिरत राहील. फट असेल तर निघेल, पण जाईलही. आणि एक काचेसारखं पारदर्शक. आतलं दिसतं. महिन्याभरात रेतीने चरे पडून धुरकट होणार.

कोण्या देशातला एक माणूस व्हिडिओत सांगतो की बंदच पाहिजे. दुसरा सांगतो, बंद लावणारे मूर्ख. दोघांच्याही गाड्या चांगल्या चालताना दिसतात.

विक्की माझ्या मागे उभा होता. हा गोडाऊनमध्ये पेट्या उचलतो, आधी आम्ही दोघं सोबत होतो. म्हणाला, "अबे, एवढं तर लोक पोरगी पाहाले गेल्यावर नाही पाहात. एक फोटो पाहिला, हो म्हटलं, झालं."

"तू पाहिली का एक तरी?"

"मले कोण दाखवते? तुले कव्हर तरी दाखवून राहिले."

११ फेब्रुवारी

आज बोटावर रक्त दिसलं. कधी लागलं माहीत नाही. गाडी स्टँडवर होती, इंजिन चालू होतं, उघडा गिअर फिरत होता, मी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत होतो. मधल्या बोटाच्या टोकाचं कातडं गेलं होतं. कुठे गेलं म्हणून पाहिलं तर गिअरच्या दात्यांत होतं.

कापसाने पुसलं, टेप लावली. कव्हर आल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, एवढं ठरवलं. आणखी काही वाटलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वामनरावांनीच लाल ॲल्युमिनियमचं मागवून टाकलं. मला न विचारता. "रायपूरवाल्यांचे डोळे फाटले पाहिजे गा."

लावलं. चांगलं दिसतं.

संध्याकाळी आईने तांदळाचा डबा पुढे ठेवला. रोजचं आहे. मॅडमनी तिला सांगितलं होतं, तांदळात लहान लहान वस्तू लपवायच्या आणि मी न पाहता बोटांनी ओळखायच्या. आई पलीकडे तोंड करून बसते, म्हणजे मला लाज वाटू नये. मी किलकिल्या डोळ्यांनी पाहतो. "चिंचोका." "बटण." "शेंगदाणा." ती म्हणते, "पाह्य, आलं ना! मी विहारात सगळ्या बायांले सांगतलं, पोराचा हात येऊन राहिला म्हणून."

तिला आनंद होतो. मी डब्याचं झाकण लावतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

कन्हान. सकाळी गाडी चांगली धावली. मग आवाज बदलला. कर्रर्र. सोनिकाताईंनी रिमोट खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं.

कव्हर उघडलं. आत काळा चिखल. नदीची बारीक रेती आणि काळं चिकट काहीतरी, दोन्ही मिळून सगळ्या दात्यांत भरलेलं. बोटाने काढायला गेलो आणि थांबलो, काडीने काढलं. नव्या गिअरचे दाते टोकाला बारीक झाले होते. एका सकाळीत.

"आत काहून गेलं एवढं?" त्या म्हणाल्या.

"खालून फट आहे, ताई."

"केसाएवढी आहे."

"रेतीही तेवढीच आहे."

काळं कुठून आलं? या इंजिनाच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, धुराबरोबर थोडं बाहेर येतं. तेच असेल. वामनरावांना तसंच सांगितलं. कव्हरचा दोष. ते लाल कव्हर हातात घेऊन लेकराचं रिपोर्टकार्ड पाहावं तसे पाहत होते.

पण प्ले चुकला असेल तर? तेही होऊ शकतं. दाते खात असतील. माझ्याशिवाय हे कोणाला ठाऊक नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काळं प्लॅस्टिक, पूर्ण बंद. नवीन गिअरही. जुना पेट्रोलने धुऊन पाहिला, कामाचा राहिला नव्हता.

कडेला रबर पाहिजे होतं. बाबांना विचारलं नव्हतं, त्यांनीच ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणून दिला. कव्हर कागदावर ठेवून रेघ मारली आणि खड्ड्याच्या काठावर बसून कात्रीने कापला. बरोबर बसला. मी बोल्ट कसेपर्यंत उभे राहिले.

"बोटं?"

"चांगली आहेत."

"हं."

आमचं बोलणं एवढंच असतं. भांडण नाही. असंच आहे.

२० फेब्रुवारी

हाताला तेल लावलं. लिहिलं. झोपतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा तेच. पूर्ण बंद कव्हर, चारही बाजूंनी रबर, आणि आत काळा चिखल. या वेळी तर जास्त. बंद असल्यामुळे निघायला जागाच नव्हती. गिअर गेला.

वामनराव ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बाजूला नेलं. त्यांच्या बुटांवर रेती होती, मी तिच्याकडे पाहत होतो. म्हणाले, "धम्मा, खरं सांग. जमून राहिलं का? नसन जमत तर सांगून दे. मी अमरावतीहून एक पोट्टा बोलावतो रायपूरवाल्यांच्या दिवसापुरता. तू गेटवर बस, हाताले आराम दे. तुया बापाचं तोंड पाहून मी तुले काढणार नाही."

"जमेल," मी म्हणालो.

"हात?"

"हात बरोबर आहे."

येताना टेम्पोत मागे गाडीजवळ बसलो. कामठी गेली, नागपूर आलं. भीती वाटायला पाहिजे होती. पोट रिकामं होतं, एवढंच कळत होतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

विचार केला. रेती येते कुठून हे न पाहता कव्हर बदलत बसण्यात अर्थ नाही. रेती आत येताना दिसली पाहिजे. म्हणजे पारदर्शक. धुरकट होईल तर होऊ दे, मला दोन-चार दिवसच पाहिजे.

सोनिकाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हेच मी पहिल्या दिवशी म्हणून राहिली होती. पण माझं कोण ऐकते? पप्पांले लाल पाहिजे, तुले सायन्स पाहिजे."

१ मार्च, शनिवार

पारदर्शक कव्हर लावलं. त्याआधी मोठा गिअर पुन्हा नवीन बसवला, दोन्ही गिअर पेट्रोलने धुतले, ब्रशने दाता न् दाता साफ केला, कपड्याने पुसला. कोरडे, चकचकीत. कव्हरमधून आरपार दिसत होते. रबरही नवीन. प्ले डाव्या बोटाने पाहिला, मग कान लावून पाहिला, मग परत डाव्या बोटाने.

शेडला कुलूप नसतं. आवाराच्या गेटला असतं.

२ मार्च, रविवार

गाडी टेम्पोत चढवायच्या आधी कव्हरवर टॉर्च मारला. आत पिवळसर काहीतरी होतं. दात्यांवर लोण्यासारखं.

ग्रीस.

गाडी कुठे गेलीच नव्हती. काल कोरडी ठेवली होती.

म्हणजे रेती कव्हरमधून थोडीच येत होती, ग्रीसमुळे ती आत टिकत होती. ट्रकचा गिअर बंद पेटीत तेलात बुडालेला असतो, त्याचं वेगळं. हा उघड्यावरचा गिअर कोरडाच चालवतात. रेती आली तर झटकली जाते. ग्रीस लावलं की ती चिकटते, आणि त्या दोघांचं मिळून पॉलिश पेपर होतं. दाते त्यानेच गेले. तीन कव्हर बदलली मी. कोणतंच चुकीचं नव्हतं.

वामनरावांना काही बोललो नाही. कन्हानला पोचल्यावर टेम्पोमागे बसून सगळं धुतलं, कोरडं केलं. गाडी दुपारपर्यंत धावली. उघडलं तर चिमूटभर रेती, कोरडी. फुंकर मारली, उडाली.

विक्कीला विचारलं. शेडमध्ये तोच येत-जात असतो.

"मी? ग्रीस? अबे मी माझ्या सायकलच्या चेनले कधी लावलं नाही, तुया गाडीले लावू?"

"मग कोण?"

"मले काय माहीत. भूत असन. वाडीतले भूतबी फिटर असते." मग जरा थांबून म्हणाला, "मले चोर समजला ना तू? ठीक आहे भाऊ. लक्षात ठेवीन."

दिवसभर बोलला नाही. मलाही त्याचं काही करावंसं वाटलं नाही.

३ मार्च

गिअर पुन्हा कोरडा करून, कव्हर लावून, शेडमध्ये ठेवला. उद्या लवकर जातो.

४ मार्च, मंगळवार

बाबा होते.

मी पोचलो तेव्हा उजाडत होतं. रोज ते माझ्याआधी निघतात, चहासुद्धा आवारातच घेतात, हे मला माहीत होतं, पण डोक्यात आलं नाही. शेडमध्ये बल्ब लागला होता. कव्हर काढून कपड्यावर ठेवलेलं, बोल्ट एका ओळीत मांडलेले. बाबा स्टुलावर बसून दात्यांवर बोटाने ग्रीस फिरवत होते. सावकाश. लेकराच्या डोक्याला तेल लावावं तसं.

"बाबा."

ते दचकले नाहीत. "आला? थांब, होऊन राहिलं."

"हे तुम्ही लावता?"

"मंग कोण लावन? कोरडं लोखंड लोखंडावर चालते का गा कधी? मी तुले शिकवलं नाही का हे?"

मी सांगितलं. रेती चिकटते. गिअर त्यानेच गेले, दोन्ही रविवारी. मी कव्हरचा दोष सांगत बसलो, वामनराव मला गेटवर बसवायला निघाले. हे सगळं मी मोठ्याने बोललो नाही. एका सुरात बोललो, पाढे म्हणावे तसे. बाबांचा हात गिअरवर तसाच राहिला.

"असं आहे का," ते म्हणाले. "मले वाटलं, ट्रकसारखंच असन."

"मला विचारायचं."

"तू प्ले डाव्या हातानं पाहून राहिला होता. नवीन गिअर लावला त्या दिवशी. मी खड्ड्यातून पाहिलं." त्यांनी कपडा घेतला आणि बोटं पुसायला लागले. एकेक, वरपासून खालपर्यंत. "मंग म्हटलं, पोराले अंदाज नाही येऊन राहिला. जास्त-कमी राहिला तर ग्रीस सांभाळून घेईन."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"काहून नाही बोलले मंग?" घरात बोलतो तसं तोंडून निघालं.

"तू काहून नाही बोलला?"

बाहेर पहिला ट्रक हॉर्न देत होता, गेटवाला उठत नव्हता.

मग मी म्हटलं, आता माहीतच आहे तर तुम्हीच पाहून द्या. तुमचं बोट ठेवा. मी गिअर धुतला, परत लावला, कागद ओढून काढला आणि बाजूला सरकलो. बाबांनी बोट ठेवलं नाही. स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक गिअरजवळ टेकवलं, मूठ कानाला लावली आणि दुसऱ्या हाताने चाक हलवलं.

"जरासा जास्त आहे. केसभर आत घे."

घेतला.

"हां. राहू दे."

"बोट लावून पाहा ना एकदा."

"कानाले समजते," ते म्हणाले आणि उठले. ग्रीसचा डबा घेऊन खड्ड्यात उतरले.

रागावले असतील. लागलं असेल त्यांना. माझ्या गाडीला बोट लावायचं नाही असं ठरवलं असेल. मीच बोललो होतो तसं.

६ मार्च, गुरुवार

कव्हर ठरलं. काळं प्लॅस्टिक, खालून फट असलेलं.

वामनरावांना लाल पाहिजे होतं, सोनिकाताईंना पारदर्शक. दोघांसमोर सांगितलं. आत जाणार ते जाणारच, त्याला बाहेर निघायला वाट पाहिजे. मार बसला तर प्लॅस्टिक परत जागेवर येतं. वरून पूर्ण झाकलं आहे, म्हणजे कोणाचं बोट जाणार नाही.

"कोणाचं बोट जाऊन राहिलं त्याच्यात?" वामनराव म्हणाले.

"कोणाचंही जाऊ शकतं."

"लाल स्टिकर तरी लाव गा त्याच्यावर."

स्टिकर लावलं.

विक्कीला चहा पाजला. म्हणाला, "भूत सापडलं का?" मी म्हटलं, सापडलं. कोण ते सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही.

८ मार्च

बाबांनी जेवताना विचारलं, रामदासपेठेची तारीख कधी आहे. म्हटलं, बुधवारी. "मी येतो." आजवर आईच येत आली आहे. आईने त्यांच्याकडे पाहिलं, वाढत राहिली.

९ मार्च, रविवार

गाडी थांबली नाही.

रायपूरवाल्यांची निळी गाडी पहिली आली, आमची दुसरी. त्यांची तिसरी गाडी मध्येच बंद पडली, त्यांच्या गिअरमध्ये खडा अडकला होता. ते आमचं कव्हर खाली वाकून पाहायला आले. सोनिकाताई त्यांना म्हणाल्या, "आमच्या मेकॅनिकनं लय डोकं लावून निवडलं आहे. लग्न ठरवाले नाही लागत एवढा टाइम लागला." विक्कीने त्यांनाही सांगितलेलं दिसतं.

उघडून पाहिलं. कोरडं. दाते जसेच्या तसे.

वामनरावांनी पाठीवर थाप मारली. "उद्यापासून तिन्ही गाड्या तुझ्याच हातात. गेटचं विसरून जाय." मग माझा उजवा हात हातात घेऊन दाबला, जोरात, सगळ्यांसमोर. "हात एकदम बढिया झाला ना आता?"

"हो."

ते दाबत होते ते मला दिसत होतं.

१० मार्च

तिन्ही गाड्या धुतल्या. लाल कव्हर खोक्यात भरून ठेवलं. आनंद व्हायला हवा होता, असं लिहितो. आई दोनदा म्हणाली, हस ना जरा.

१२ मार्च, बुधवार

रामदासपेठ. मॅडमनी डोळे मिटायला सांगितले आणि सुईने तपासलं. तळहातावर कळलं. बोटांच्या मुळाशीही कळलं, थोडं. त्यापुढे मी बोललो नाही, त्यावरून त्यांनी समजायचं ते समजलं. म्हणाल्या, यापुढे फार येईल असं वाटत नाही, याच हातावर काम शिकावं लागेल. मी म्हटलं, माझं काम बोटांचं आहे, मॅडम, त्यांना कळल्याशिवाय होत नाही.

बाबा मागच्या खुर्चीवर होते. उठून आले, माझ्या बाजूला बसले, शर्टाची बाही वर केली आणि स्वतःचा हात टेबलावर ठेवला. "माझाबी पाहून घ्या, मॅडम. त्याच्यासमोर पाहा."

त्यांनी डोळे मिटले. मॅडमनी अंगठ्याला सुई लावली. मग पहिल्या बोटाला, मधल्या, चौथ्या, करंगळीला. मग दुसरा हात ओढून घेतला, त्याचीही पाचही. मग माझ्याकडे पाहिलं.

बाबा डोळे मिटून वाट पाहत होते. जरा वेळाने म्हणाले, "करा ना सुरू. मी तयार आहो."